एका शिक्षकाचे समीकरण

पाठपरिचय : ताऱ्यांच्या अंताविषयी आणि विश्वाच्या आरंभाविषयी आज आपल्याला जे ज्ञान आहे, त्यात एका भारतीय शास्त्रज्ञाच्या समीकरणाचा मोठा वाटा आहे. कोलकात्याच्या एका महाविद्यालयात पंचवीस वर्षे शिकवणाऱ्या या शास्त्रज्ञाची आणि त्यांच्या कार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.



हातातला चेंडू वर फेका. तो थोडा वर जातो आणि खाली येतो. आणखी जोराने फेका. तो आणखी वर जाईल, पण शेवटी येईल खालीच. पृथ्वी त्याला आपल्याकडे ओढते. या ओढीला उर्दूत आपण कशिशे-सिक्ल म्हणतो. मराठीत तिला गुरुत्वाकर्षण म्हणतात. चेंडू सेकंदाला ११.२ किलोमीटर इतक्या प्रचंड वेगाने फेकता आला आणि वाटेत हवेने त्याला अडवले नाही, तरच तो पृथ्वीच्या ओढीतून कायमचा सुटेल.

आता अशा एखाद्या वस्तूची कल्पना करा, की जिच्या ओढीतून सुटण्यासाठी प्रकाशाचा वेगही पुरत नाही. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. त्याहून अधिक वेगाने काहीच जाऊ शकत नाही. म्हणून त्या वस्तूतून प्रकाश बाहेर येणार नाही, आणि दुसरे काहीही बाहेर येणार नाही. अशा वस्तूला कृष्णविवर म्हणतात. कृष्ण म्हणजे काळे आणि विवर म्हणजे खोल भोक.

कृष्णविवर होण्यासाठी वस्तू किती दाबली गेली पाहिजे? सूर्याची त्रिज्या सुमारे ७ लाख किलोमीटर आहे. सगळा सूर्य दाबून फक्त ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात बसवला, तर त्याचे कृष्णविवर होईल. आपली पृथ्वी, तिच्यावरचे डोंगर आणि समुद्र यांसह, एका बोराएवढी करावी लागेल!

हे खरोखर घडू शकते काय? की हा केवळ कागदावरचा हिशेब आहे? या प्रश्नावर शास्त्रज्ञांमध्ये जवळजवळ पन्नास वर्षे मतभेद होते. ते मिटवण्यास ज्या समीकरणाची मदत झाली, ते समीकरण कोलकात्यात लिहिले गेले. ते लिहिणाऱ्याचे नाव अमलकुमार रायचौधुरी.

मतभेद कशाबद्दल होते, ते आधी पाहू. इ. स. १९१५ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. त्याला व्यापक सापेक्षता सिद्धान्त म्हणतात. चौघांनी चार टोके धरून ताणलेल्या चादरीवर जड गोळा ठेवला, तर चादरीला खोलगट आकार येतो. तिच्यावर सोडलेली गोटी मग गोळ्याकडे घरंगळत जाते. सूर्यासारख्या जड वस्तूभोवती अवकाश आणि काळ यांनाही अशीच वक्रता येते, आणि ग्रह त्या वक्रतेतून फिरतात, असे आइन्स्टाइन यांनी सांगितले.

१९१६ साली कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञाचे एक गणित प्रसिद्ध झाले. आइन्स्टाइनची समीकरणे एका गोल वस्तूसाठी त्यांनी सोडवली होती. सूर्यासाठी ३ किलोमीटर ही जी त्रिज्या वर सांगितली, ती या गणितातूनच मिळते. पुढे १९३९ साली अमेरिकेत रॉबर्ट ओपेनहायमर आणि हार्टलंड स्नायडर यांनी दाखवले, की इंधन संपलेला एक मोठा तारा आपल्याच भाराने आत कोसळत गेला, तर तो कोसळतच राहील. शेवटी त्याचे सर्व द्रव्य एका बिंदूत जमा होईल. त्या बिंदूपाशी घनता अनंत होते आणि गणित थांबते. शास्त्रज्ञ त्याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. या पाठात आपण त्याला 'अंतिम बिंदू' म्हणू.

परंतु बऱ्याच शास्त्रज्ञांना हे पटले नाही. १९३९ सालीच स्वतः आइन्स्टाइन यांनीही एक लेख लिहून, निसर्गात अशी अवस्था येणार नाही, असे मत मांडले होते. शंका घेणाऱ्यांचे म्हणणे काय होते, हे एका उदाहरणाने समजेल.

तुमच्या शाळेचे मैदान डोळ्यांसमोर आणा. शंभर मुले एका मोठ्या वर्तुळावर उभी आहेत. शिट्टी वाजताच सर्वांनी डोळे मिटून नाकासमोर सरळ धावायचे आहे. प्रत्येकाचे तोंड अगदी वर्तुळाच्या मध्याकडे असेल आणि सर्वांचा वेग सारखा असेल, तर सगळी मुले एकाच क्षणी मध्यावर येऊन आदळतील. पण कोणी किंचित डावीकडे, कोणी किंचित उजवीकडे, कोणी हळू, कोणी जोरात धावला, तर मुले एकमेकांच्या बाजूने निघून पलीकडे पोहोचतील. सर्वांची एकाच ठिकाणी टक्कर होणार नाही.

ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी तारा पूर्ण गोल मानला होता. खरे तारे इतके नीटनेटके कुठे असतात? ते कुठे फुगीर, कुठे चपटे असतात, स्वतःभोवती फिरतात. म्हणून अंतिम बिंदू हा निसर्गातला नाही, तो आपण गणित सोपे करण्यासाठी मानलेल्या गोलाईतून आलेला आहे, असे शंका घेणाऱ्यांना वाटे. विश्वाच्या बाबतीतही हाच प्रश्न होता. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, हे १९२९ साली एडविन हबल यांनी दाखवले. म्हणजे विश्व पसरत आहे. मग मागे मागे जात राहिलो, तर सगळे विश्व एका बिंदूत होते असे मानावे, की हाही गणितातल्या नीटनेटकेपणाचा परिणाम आहे?

या प्रश्नाने अमलकुमार रायचौधुरी यांच्या मनात घर केले.

रायचौधुरी यांचा जन्म १४ सप्टेंबर १९२३ रोजी आज बांगलादेशात असलेल्या बारिसाल येथे झाला. त्यांचे वडील सुरेशचंद्र हे कोलकात्याच्या एका शाळेत गणिताचे शिक्षक होते. घरात श्रीमंती नव्हती, पण गणित होते. मुलाला गणिताची गोडी घरातच लागली. १९४२ साली प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते बी. एस्सी. झाले आणि १९४४ साली कलकत्ता विद्यापीठातून एम. एस्सी. झाले.

यानंतरचा काळ मात्र कठीण गेला. कोलकात्याच्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेत त्यांनी सुमारे चार वर्षे प्रयोगशाळेत संशोधन केले. पण त्यातून विशेष काही हाती लागले नाही. तरुण वयातली चार वर्षे निष्फळ जाणे ही लहान गोष्ट नव्हे. पुढे ते आशुतोष कॉलेजात शिकवू लागले. तेव्हा कलकत्ता विद्यापीठात निखिलरंजन सेन हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी जर्मनीत राहून सापेक्षतेचा अभ्यास केला होता. त्यांच्या मार्गदर्शनाने रायचौधुरी सापेक्षता सिद्धान्ताकडे वळले आणि नंतर स्वतःच्या बळावर पुढे गेले. दिवसा वर्गात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आइन्स्टाइनची समीकरणे सोडवायची, असा त्यांचा क्रम झाला.

१९५२ साली ते पुन्हा त्याच संस्थेत संशोधक म्हणून गेले. तिथे त्यांच्याकडून धातूंच्या गुणधर्मांवर काम अपेक्षित होते. सापेक्षता सिद्धान्त त्या काळी फार थोडे लोक अभ्यासत. त्याचा व्यवहारात उपयोग काय, असे पुष्कळांना वाटे. रायचौधुरी यांनी नोकरीचे काम केले, पण मनातला प्रश्न सोडला नाही. त्या प्रश्नासाठी यंत्रे लागत नव्हती, पैसा लागत नव्हता. कागद, पेन्सिल आणि चिकाटी पुरेशी होती. तारा गोल आहे, विश्व सर्व बाजूंना सारखे आहे, असे काहीही गृहीत न धरता त्यांनी गणित मांडायला घेतले.

त्यांनी काय केले, ते समजून घेऊ. नदीच्या पाण्यावर मूठभर भुसा टाका आणि पाहत राहा. भुशाचा तो पुंजका पाण्याबरोबर वाहू लागतो. वाहताना त्यात तीन प्रकारचे बदल होतात. पहिला, पुंजका पसरतो किंवा आकुंचन पावतो. दुसरा, तो ताणला जातो. म्हणजे गोल होता तो लांबट होतो. तिसरा, तो भोवऱ्यासारखा फिरतो. वाहणाऱ्या कणांच्या कोणत्याही समूहाची हालचाल या तीन गोष्टींनी सांगता येते. रायचौधुरी यांनी पाण्याच्या जागी अवकाश-काळ घेतला आणि भुशाच्या जागी ताऱ्यातले किंवा विश्वातले कण घेतले. मग त्यांनी विचारले : कणांचा हा समूह पसरण्याचा वेग कसा बदलत जातो?

समीकरणाला उर्दूत मसावात म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहे. रायचौधुरींची मसावात शब्दांत लिहिली, तर अशी होईल :

पसरण्याच्या वेगातील बदल = फिरण्याचा परिणाम − ताणाचा परिणाम − द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाचा परिणाम − पसरण्याच्या वेगाच्या वर्गाचा तिसरा भाग

उजव्या बाजूला चार पदे आहेत. त्यांच्या चिन्हांकडे नीट पाहा. फक्त पहिले पद धन आहे. बाकी तिन्ही पदांच्या आधी वजाचे चिन्ह आहे. म्हणजे समूह फिरत असेल, तर ते फिरणे त्याला पसरवू पाहते. दोरीला बांधलेला दगड गरगर फिरवला की तो बाहेर ओढ घेतो, तसे हे आहे. बाकीची तिन्ही पदे समूहाला आकुंचित करतात.

आता यातली महत्त्वाची गोष्ट पाहा. ताणाचा परिणाम हा एक वर्ग आहे. तुम्ही बीजगणितात शिकला आहात, की ऋण संख्येचा वर्गही धन असतो. उणे तीनचा वर्ग नऊ आणि अधिक तीनचा वर्गही नऊच. समूह या बाजूला ताणला जावो की त्या बाजूला, वर्ग धनच राहतो आणि त्याच्या आधी वजाचे चिन्ह असते. म्हणून ताण नेहमी आकुंचनालाच मदत करतो.

मित्रांनो, इथे क्षणभर थांबा. शंका घेणाऱ्यांना काय वाटत होते? तारा वेडावाकडा असेल, तर तो अंतिम बिंदूपासून वाचेल. रायचौधुरींच्या समीकरणाने नेमके उलट दाखवले. वेडावाकडेपणा म्हणजेच ताण. तो ताऱ्याला वाचवत नाही. उलट लवकर कोसळवतो. मैदानावरच्या मुलांचे उदाहरण आठवा. ती मुले एकमेकांना ओढत नव्हती, म्हणून बाजूने निघून गेली. पण प्रत्येक मूल दुसऱ्या प्रत्येक मुलाशी रबराच्या दोरीने बांधलेले असते, तर? मग चुकलेली मुलेही पुन्हा मध्याकडे खेचली गेली असती. गुरुत्वाकर्षण हीच ती दोरी आहे. समूह फिरत नसेल, कण केवळ गुरुत्वाकर्षणानेच चालत असतील आणि त्यांचे मार्ग एकदा जवळ येऊ लागले असतील, तर ठरावीक काळात ते एकमेकांना मिळतातच, असे हे समीकरण सांगते. भिंगातून गेलेले सूर्यकिरण जसे एका ठिकाणी येऊन कागद जाळतात, तसे गुरुत्वाकर्षण हे एक भिंग आहे.

हा लेख अमेरिकेच्या 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात मे १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. आइन्स्टाइन यांचे निधन त्याआधी एक महिनाही झाला नव्हता, १८ एप्रिल १९५५ रोजी झाले होते. लेख विश्वाच्या आरंभाविषयी होता. पण कोसळणाऱ्या ताऱ्यालाही तेच गणित लागू पडते. कारण तारा कोसळणे म्हणजे विश्वाच्या पसरण्याची गोष्ट उलटी वाचणे होय.

लेख छापून आला म्हणून लगेच गाजावाजा झाला नाही. रायचौधुरी यांनी पुढे डी. एस्सी. पदवीसाठी आपला प्रबंध दिला, तेव्हा परीक्षकांपैकी एक होते अमेरिकेचे जॉन व्हीलर. त्यांनी प्रबंधाची विशेष प्रशंसा केली. 'कृष्णविवर' या अर्थाचे इंग्रजी नाव ज्यांच्यामुळे १९६७ नंतर जगभर रूढ झाले, तेच हे व्हीलर.

खरी कसोटी पुढच्या दशकात लागली. १९६३ साली रशियातील लिफ्शित्झ आणि खलात्निकोव्ह या नामवंत शास्त्रज्ञांनी, सर्वसाधारण परिस्थितीत अंतिम बिंदू निर्माण होत नाही, असे प्रतिपादन केले. ताऱ्याच्या फिरण्याचा प्रश्नही शिल्लक होताच. १९६५ साली इंग्लंडमधील रॉजर पेनरोझ यांनी निराळी वाट काढली. त्यांनी कणांऐवजी प्रकाशकिरणांचा समूह घेतला. तारा इतका दाबला गेला, की बाहेर निघालेले प्रकाशकिरणही पसरण्याऐवजी जवळ येऊ लागले, तर पुढे काय होईल? रायचौधुरी समीकरणाच्या आधारे त्या किरणांना मिळणे भाग आहे. त्यावर आपले नवे गणित रचून पेनरोझ यांनी सिद्ध केले, की तारा गोल असो वा नसो, फिरत असो वा नसो, या अवस्थेनंतर परत फिरता येत नाही. स्टीफन हॉकिंग यांनी हाच विचार उलटा करून विश्वाच्या आरंभाला लावला. १९७० साली दोघांनी मिळून एक व्यापक सिद्धान्त मांडला. रशियन शास्त्रज्ञांनीही आपले जुने मत मागे घेतले.

अंतिम बिंदूची सिद्धता पेनरोझ आणि हॉकिंग यांची आहे, हे विसरता कामा नये. पण ज्या पायरीवर उभे राहून त्यांनी ती दिली, ती पायरी कोलकात्याची होती. आज सापेक्षतेच्या मोठ्या ग्रंथांत ते समीकरण 'रायचौधुरी समीकरण' याच नावाने असते.

१९७१ साली हॉकिंग यांनी त्याच समीकरणाच्या आधारे आणखी एक नियम काढला : दोन कृष्णविवरे एकत्र आली, तर नव्या कृष्णविवराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी असू शकत नाही. हा नियम तपासायचा कसा? त्यासाठी जगाला चाळीसहून अधिक वर्षे थांबावे लागले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो' या वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या. योगायोग असा, की तो रायचौधुरींचा जन्मदिवस होता. १४ जानेवारी २०२५ रोजी टिपलेल्या आणखी स्पष्ट लहरींवरून शास्त्रज्ञांनी क्षेत्रफळे मोजली. मीलनाआधी दोन्ही कृष्णविवरांचे मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, आणि मीलनानंतर सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर. नियम खरा ठरला.

दरम्यान १० एप्रिल २०१९ रोजी, ५ कोटी ५० लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या एम ८७ या दीर्घिकेतील कृष्णविवराच्या सावलीचे चित्र जगासमोर आले. २०२० साली पेनरोझ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यातले काहीच पाहायला रायचौधुरी राहिले नव्हते. १८ जून २००५ रोजी त्यांचे निधन झाले होते.

मग त्यांचे आयुष्य कशात गेले? शिकवण्यात. १९६१ साली ते आपल्याच जुन्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९८६ पर्यंत तिथे शिकवत राहिले. त्यांच्या वर्गातून भौतिकशास्त्राच्या कितीतरी पिढ्या तयार झाल्या. अशोक सेन हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक. सेन यांनीही पुढे कृष्णविवरांवर मोलाचे संशोधन केले आणि जगात नाव मिळवले. रायचौधुरींच्या वडिलांनी शाळेत गणित शिकवले, मुलाने महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आणि त्याच्या विद्यार्थ्याने कृष्णविवरांचा अभ्यास पुढे नेला. ज्ञानाचा दिवा असा एका हातातून दुसऱ्या हातात जातो.

हा अभ्यास आता आपल्या महाराष्ट्राच्या दारातही आला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिच्या बांधणीला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. तिथे काम करायला उद्या गणित आणि भौतिकशास्त्र जाणणारी मुले-मुली लागतील. ती कोणत्या माध्यमाच्या शाळेत शिकली, हे समीकरण विचारत नाही. मराठीत त्याला समीकरण म्हणा की उर्दूत मसावात म्हणा, दोन्ही बाजू समान असल्या पाहिजेत, एवढीच त्याची अट असते.

आणि काम अजून संपलेले नाही. अंतिम बिंदूपाशी आपले गणित थांबते, असे आपण म्हणालो. गणित थांबले म्हणजे निसर्ग थांबला असे नाही. तिथे गुरुत्वाकर्षणाबरोबर अणूंच्या जगाचे नियमही लावावे लागतील, असे शास्त्रज्ञ मानतात. आपल्या धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ साली आइन्स्टाइनची समीकरणे त्यासाठी नव्या रूपात मांडली. त्या वाटेने आज अनेक देशांतले संशोधक चालत आहेत. कृष्णविवराच्या अगदी आत काय आहे, याचे पक्के उत्तर अजून कोणाजवळ नाही.

सत्तर वर्षांपूर्वी एका तरुणाजवळही असाच एक प्रश्न होता. आजूबाजूला तो प्रश्न महत्त्वाचा मानणारे फार थोडे होते. त्याने हातातले काम टाळले नाही आणि मनातला प्रश्नही टाकला नाही. तुमच्या मनात एखादा प्रश्न असेल, तर तो वहीत लिहून ठेवा. उत्तर आज मिळाले नाही, तरी तो खोडू नका.

शब्दार्थ

विवर – खोल भोक
त्रिज्या – वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर
वक्रता – वाकडेपणा, वळण
घनता – दाटपणा
अनंत – ज्याला अंत नाही असे
दीर्घिका – असंख्य ताऱ्यांचा समूह, कहकशाँ
गृहीत धरणे – आधीच मानून चालणे
निष्फळ – ज्यातून फळ मिळाले नाही असे
प्रबंध – पदवीसाठी लिहिलेला संशोधनाचा ग्रंथ
रूढ होणे – सर्वांच्या वापरात येणे
मनात घर करणे – मनात कायमचे राहणे

स्वाध्याय

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. सूर्याचे कृष्णविवर होण्यासाठी त्याची त्रिज्या किती व्हावी लागेल?
२. रायचौधुरी यांचे वडील काय करत?
३. रायचौधुरींचा प्रसिद्ध लेख कोणत्या साली छापून आला?
४. समीकरणातील कोणते पद समूहाला पसरवू पाहते?

(आ) तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
१. मैदानावरच्या मुलांच्या उदाहरणातून शंका घेणाऱ्यांचे कोणते म्हणणे स्पष्ट होते?
२. ताणाचे पद नेहमी आकुंचनाला मदत का करते?
३. पेनरोझ यांना रायचौधुरी समीकरणाचा उपयोग कसा झाला?

(इ) 'घरात श्रीमंती नव्हती, पण गणित होते.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

(ई) वाक्यात उपयोग करा : मनात घर करणे, हाती लागणे, गृहीत धरणे, रूढ होणे.

(उ) मैदान, कागद, हिशेब, फक्त, साल हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा आणि उर्दू लिपीत लिहा.

उपक्रम : एका थाळीत पाणी घेऊन त्यात चिमूटभर भुसा टाका. पाणी बोटाने हळू ढवळा. भुशाचा पुंजका कसा पसरतो, ताणला जातो आणि फिरतो, याचे निरीक्षण करून पाच वाक्ये मराठीत लिहा.